उपासनी मास्तरांचं बिऱ्हाड

उपासनी मास्तरांचं लग्न रुईच्या झाडाशी झालं होतं. हे मी थट्टेनं सांगत नाही, त्या लग्नात मी स्वतः अक्षता टाकल्या आहेत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्न होऊन धुळ्याला आले त्याला चारच महिने झाले होते, आणि शेजारच्या घरातून आलेलं पहिलं आमंत्रण ते हे.

झालं होतं असं, की मास्तरांच्या धाकट्या भावाचं, श्रीधरचं, लग्न ठरलं. मुलीकडच्या भटजींनी हरकत काढली की थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याला बोहल्यावर चढता येणार नाही, दोष लागतो. थोरल्यानं तोवर नऊ मुली नाकारल्या होत्या. कारण विचारलं की म्हणायचे, "मुलीत काही वाईट नाही." आईनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी त्या भटजींनीच पोथीतून तोड काढली, की थोरल्याचं रुईशी लग्न लावून द्यावं म्हणजे वाट मोकळी होते. मास्तर म्हणाले, "झाडाची हरकत नसेल तर माझीही नाही."

पांझरेच्या काठी सकाळी सकाळी ते लग्न लागलं. झुडूप जेमतेम दोन हात उंच. त्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं, काळी पोत बांधलेली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना उकिडवं बसावं लागलं, नाहीतर तो नवरीच्या डोक्याच्याही वर राहत होता. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. मास्तरांनी फेट्याखालून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसा वहिनी. लग्नात कोणीतरी हसलं पाहिजे."

त्यानंतर कोणी नवा माणूस भेटला आणि 'लग्न झालंय का' म्हणाला, की मास्तर गंभीर चेहऱ्यानं सांगत, "झालंय. मंडळी नदीकाठी असतात." आमच्याकडे दूध घालणारी म्हातारी तर भावानं सांगायची, "मास्तरनी बायको नदीकाठे उभी शे." नदीवर गेले की ते त्या झुडपाला तांब्याभर पाणी घालून येत. नांदवत नाही तर निदान पाणी तरी, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत ते इतिहास शिकवत. काळी टोपी, कोपरावर रफू केलेला कोट, आणि कोणाच्याही दारात शिरण्याआधी एकदा खाकरण्याची सवय. स्वतःच्या घरात शिरतानाही खाकरत. सगळ्यांना अहोजाहो करत. दुसरीतल्या पोरालाही 'अहो देशमुख, नाक पुसा' म्हणत. वर्गात स्मृतीतले विवाहाचे आठ प्रकार शिकवताना एका वात्रट मुलानं विचारलं, की सर, तुमचा कुठला? मास्तर म्हणाले, "माझा नववा. अजून पुस्तकात यायचा आहे." पोरं हसली. मग ते म्हणाले म्हणे, की यात मुलगी पळवून नेण्यालाही लग्नच म्हटलंय, त्या काळी त्याला कोणी हसलं नाही. आज आपल्याला ते रानटी वाटतं. आपलंही उद्या कोणाला तरी तसंच वाटेल, तेव्हा फार ऐटीत राहू नका. माझा दीर त्या वर्गात होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

श्रीधर नोकरीसाठी बायकोला घेऊन नाशिकला गेला. आई वर्षभरात वारली. मग त्या घरात दोघंच उरले, मास्तर आणि भिकाभाऊ.

भिकाभाऊ चौधरी सावद्याचे. घरची केळीची शेती, पण चार बुकं शिकले म्हणून धुळ्याला कापसाच्या जिनमध्ये कारकून लागले आणि मास्तरांच्या ओसरीवरची खोली भाड्यानं घेतली. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं नाव भिका ठेवलेलं. अंगानं दणकट, आवाज मोठा, आणि हाताला अशी चव की आमच्या सासूबाईसुद्धा त्यांच्या भरताची वाटी परत पाठवत नसत. मास्तरांच्या आईनं पहिले सहा महिने त्यांचं ताट वेगळं ठेवलं. सातव्या महिन्यात भिकाभाऊंनी वांगी भाजून, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून असं भरीत केलं, की म्हातारीनं ताटांचा विषय सोडून दिला.

उन्हाळ्यात दोघं मिळून गच्चीवर बिबडे घालत. भिकाभाऊ चुलीवर ज्वारीचं पीठ घेरत शिजवायचे आणि मास्तर टोपी घालूनच धोतराच्या कपड्यावर पापड थापायचे. मास्तरांचा एकही पापड गोल होत नसे. "हा कोणता देश म्हणायचा?" भिकाभाऊ विचारत. मास्तर निरखून म्हणत, "ब्रह्मदेश. अरे, खालचं टोक बघ ना." साऱ्या जगात 'अरे' फक्त भिकाभाऊंना होतं.

एकदा भिकाभाऊंना विषमज्वर झाला. सरकारी दवाखान्यात एकवीस दिवस मास्तर त्यांच्या खाटेपाशी होते. शाळेतून बिनपगारी रजा काढलेली. मी डबा घेऊन गेले तेव्हा तिथला कारकून कागद भरत होता. त्यानं विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" मास्तर कधी उत्तराला अडत नसत, तिथे अडले. मग म्हणाले, "घरचा." कारकून म्हणाला, "अहो, नातं सांगा." मास्तर म्हणाले, "तेच सांगितलं."

मी डबा खाली ठेवला आणि घरी आले. मला काय कळलं? काही नाही. आमच्या गल्लीत कोणालाच काही कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायची कोणाला गरज वाटली नव्हती. दोन पुरुष एका घरात राहतात, एकमेकांचं करतात, याला आम्ही 'मैत्री' म्हणत होतो आणि तो शब्द आम्हाला पुरत होता. आता माझी नात मला सगळं समजावून सांगते. त्याला आता नाव आहे, न्यायालयं त्यावर बोलतात, मुलं उघड सांगतात. ती सांगते आणि मी ऐकते. पण मला मास्तर आठवतात आणि मान वर करवत नाही. त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, की संध्याकाळी जिनमधून भिका घरी यावा. आठ वर्षं ते चाललं आणि माझ्या तोंडून मोडलं.

भिकाभाऊंची आई सावद्याहून येई, केळीचा घड घेऊन. आम्ही तिला अक्का म्हणायचो. मुलगा तेहतिशीला आला होता. एकदा ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, तुमी शिकेल दिसता. मास्तरले सांगा, तो त्याचंच ऐकतो. मी मेल्यावर माह्या पोराले कोन पाहीन?"

मला ते पटलं. मी मास्तरांकडे गेले. ते मुलांच्या वह्या तपासत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ लेखणी पुसत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, माझं झाडाशी लावलं, झाडाचं काही बिघडलं नाही. पोरीचं आयुष्य जाईल हो."

मला वाटलं, ते भिकाभाऊंच्या पगाराबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, तेवढ्यात भागवणाऱ्या पुष्कळ असतात. ते माझ्याकडे पाहून हसले, आणि पुढची वही ओढली.

पण अक्का हट्टाला पेटली. रावेरकडचं एक स्थळ तिनं परस्पर आणलं. आता आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायची रीत आहे. नातेवाईक गोडच बोलणार, शेजारी खरं सांगतात. तसा तो मुलीचा बाप एका दुपारी आमच्या दारात आला. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, हातात छत्री, बोलणं अदबीचं. सासूबाई झोपल्या होत्या. मी त्याला ओसरीवर चटई टाकली, चहा केला.

"बाई, पोरगा कसा हाये? मले खरं खरं सांगजा," तो म्हणाला.

आणि मी सांगत सुटले. अक्काला शब्द दिला होता आणि त्या दोघांवर माझा जीव होता. मला वाटलं, किती सांगू आणि किती नको. म्हटलं, पोरगा सोन्यासारखा आहे. विडीसुद्धा ओढत नाही. तमाशाला नाही, कुठल्या बाईकडे मान वर करून बघत नाही. जिनमधून सुटला की थेट घरी. माया तर इतकी, की मास्तरांना एक दिवस ताप आला तर हा जेवत नाही. मास्तरांचंही तेच. दवाखान्यात एकवीस दिवस उशाशी बसून होते. अजून दोघं एका ताटात जेवतात. आठ वर्षांत हा दिवाळीलासुद्धा गावी गेला नाही, मास्तर एकटे पडतील म्हणून. ज्या घरात पुरुष एवढा जीव लावतो तिथे तुमची मुलगी सुखात राहील.

पाहुण्यानं बशी खाली ठेवली. थोडा चहा तसाच होता. "आठ वर्सात पोरगा दिवाळीले घरी नाही आला?" त्यानं विचारलं.

"नाही ना," मी कौतुकानं म्हटलं.

त्यानं मास्तरांच्या ओसरीकडे पाहिलं. तिथे दोरीवर दोन धोतरं वाळत होती. मग तो उठला, टोपी नीट केली आणि मला हात जोडले. "लई उपकार झाले बाई. मी पोरीचा बाप हाये, मले इचारनं भाग होतं."

स्थळ जमलं असं समजून मी सासूबाईंना उठवलं.

त्या माणसाला मी आज दोष देत नाही. मुलीच्या बापाला जे बघायचं ते त्यानं बघितलं, आणि त्याची मुलगी वाचली. पण तो गप्प बसला नाही. सावद्याला जाऊन त्यानं भिकाभाऊंच्या काकांना चार माणसांत विचारलं, की असं पोर आमच्या गळ्यात का बांधत होता?

आठव्या दिवशी दोन काका आले. दुपारची वेळ, मास्तर शाळेत. भिकाभाऊंना त्यांनी जिनमधूनच उठवून आणलं होतं. पत्र्याची पेटी भरली आणि निघाले. आरडाओरडा झाला नाही. भिकाभाऊ एवढे दणकट, पण त्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये मान खाली घालून चालत होते. आमच्या दारापाशी थांबले, किल्ली माझ्या हातात दिली. "वहिनी, मास्तर पाच वाजता येतील. त्याहिले चहा तुमी द्या. सांगा, आईले बरं नाही म्हनून गेला."

धाकटा काका मला म्हणाला, "तुमी खरं बोलल्या बाई, म्हनून तरी कळलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किल्ली हातात धरून मी तशीच उभी राहिले.

मास्तर पाच वाजता आले. स्वतःच्या दाराशी खाकरले. कुलूप पाहिलं. मी किल्ली दिली आणि आईचं बरं नसल्याचं सांगितलं, पण खोटं निभावलं नाही. तिथेच उंबऱ्यावर बसून मी सगळं सांगून टाकलं, पाहुणा काय म्हणाला, मी काय म्हणाले, एक एक शब्द. रडत होते. म्हटलं, मला शिव्या द्या, माझ्या जिभेला हाड नाही.

मास्तरांनी किल्ली कुलपाला लावली. मग म्हणाले, "वहिनी, यातलं खोटं काय सांगितलंत तुम्ही?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"आमच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं," ते म्हणाले, आणि दार उघडून आत गेले.

पुढचं सांगताना मला लाज वाटते. तीच गल्ली, तेच लोक. आठ वर्षं ज्यांनी भरीत मागून खाल्लं, ते आता मास्तर आले की बोलणं थांबवत. "बठ्ठा गावमा बोभाटा व्हई ग्या," दूधवाली मला सांगून गेली. शिकवणीला येणारी पोरं एकेक करून बंद झाली. शाळेच्या मंडळाकडे निनावी पत्र गेलं. ते वाचून मंडळानं मास्तरांना काही विचारलं नाही. सगळे मोठे सभ्य लोक होते. चाळीसगावच्या शाळेत इतिहासाची जागा रिकामी आहे, असं फक्त सांगितलं. सासूबाईंनी मला बजावलं, की आता तिकडे वाटी पाठवायची नाही. आणि मी पाठवली नाही. माझ्यामुळे ज्याचं घर मोडलं त्याच्या घरी मी भाजीची वाटी पाठवली नाही, कारण लोक काय म्हणतील.

वैशाखात भिकाभाऊंचं लग्न उरकलं. मुलगी लांबच्या गावची केली, जिथून कोणी धुळ्याला चौकशीला आलं नाही. पत्रिका आम्हाला आली. मास्तरांना आली नव्हती. ते सामान बांधत होते. मी कुंपणापाशी उभी राहून सांगितलं. ते म्हणाले, "मुलीचं नाव काय?" सिंधू, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुस्तकांना सुतळी गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी टांगा आला. गल्लीतलं कोणी बाहेर आलं नाही. आमचे हे तेवढे ट्रंक उचलू लागायला गेले, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानलं.

त्यानंतर मास्तर मला एकदाच दिसले, तीनेक वर्षांनी. आम्ही धुळ्याहून मुंबईला निघालो होतो. चाळीसगावला गाडी बदलावी लागते. उन्हं चढलेली, फलाटावर बाकाच्या टोकाशी काळी टोपी दिसली. मी ओळखलं आणि थेट जाऊन पाया पडले. खूप वाळले होते. इकडे कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असाच आलो. भुसावळकडची गाडी बघायला."

गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून भिकाभाऊ फिरकीचा तांब्या घेऊन उतरले आणि नळाकडे न जाता सरळ बाकापाशी आले. कोणी कोणाला कळवलं होतं ते मी विचारलं नाही. दोघं समोरासमोर उभे राहिले. मधे दोन हात अंतर.

"बरा आहेस?" मास्तर म्हणाले.

"बरा हाये. तुमी?"

"उत्तम."

एवढंच बोलले. मास्तरांनी तांब्या भिकाभाऊंच्या हातून घेतला, नळावर जाऊन भरला, फिरकी घट्ट बसवली आणि परत दिला. तेवढ्यात एक पोरगेलीशी बाई कडेवर मूल घेऊन उतरली. वडीलधारं माणूस दिसलं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. हे कोण, असं तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मास्तर," भिकाभाऊ म्हणाले. "धुळ्याचे."

"अखंड सौभाग्यवती हो," मास्तर म्हणाले. हा आशीर्वाद मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला आहे. नवऱ्याला उदंड आयुष्य मिळो, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या मनापासून तो मागितलेला मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

शिट्टी झाली. ती माणसं चढली, गाडी गेली. मास्तर बाकावर बसले. आमची मुंबईची गाडी त्यामागची होती, मी बाजूला बसले.

"वाळलाय नाही?" ते म्हणाले. "त्या दुखण्यानंतर त्याच्या पोटाला हरभरा सोसत नाही. ती पोर घालत असेल डाळ, तिला कोणी सांगितलंच नसेल. हा बोलायचा नाही, मुकाट खाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिला चार ओळी टाकाल? तुमच्या नावानं. शेजारणीनं लिहिलं तर कोणाला काही वाटायचं नाही."

आमच्या ह्यांच्या कोटात कोरी पोस्टकार्डं असायचीच. मी ट्रंकेवर कार्ड ठेवलं आणि मास्तर सांगू लागले. हरभऱ्याची डाळ घालू नये, मुगाची चालते. सकाळी उपाशीपोटी चहा देऊ नये. पावसाळ्यात छाती भरते, तेव्हा ओव्याची पुरचुंडी शेकावी. कान दुखला तरी सांगत नाही, मान एका बाजूला धरतो, त्यावरून ओळखावं. रागावला की बोलत नाही. तेव्हा विचारत बसू नये, आपलं काम करत राहावं, थोड्या वेळानं तो आपणच जवळ येऊन बसतो.

मी जेवढं बारीक लिहिता येईल तेवढं लिहिलं. कार्ड भरलं. सही करायला जागा उरली नाही. "मास्तर, काहीतरी कमी करावं लागेल," मी म्हणाले.

त्यांनी कार्ड हातात घेऊन पहिल्यापासून वाचलं.

"ते शेवटचं खोडा," ते म्हणाले. "डाळीचं राहू द्या."

मी शेवटच्या दोन ओळी खोडल्या आणि त्या जागी माझं नाव लिहिलं.